स्ट्रेचर सरळ आत जाईल अशी खोली

स्टेडियमची नियमपुस्तिका घरात आली आणि माझी झोप उडाली. घर म्हणजे स्टँडखालची खोली. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात, मैदानाकडे तोंड करून असलेली. माझा नवरा फुटबॉल क्लबचं मैदान राखतो. गवत, पाणी, रोलर, रेषा, सगळं त्याच्याकडे. रेषा आखायची फक्की त्याच्या नखांतून कधी म्हणून जात नाही, त्यामुळे खेळाडू त्याला फक्कीभाऊच म्हणतात. खोली नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी आहे तोवर खोली, असं आम्ही धरून चाललो होतो.

क्लब पहिल्यांदाच विभागीय स्पर्धेला पात्र ठरला होता. पोरांनी त्यांचं काम केलं होतं, आता मैदानाने पास व्हायचं होतं. नाहीतर घरचे सामने दुसऱ्या शहरात. "मग इथे गाजरं लावा आणि फक्कीला बाजारात बसवा," सेक्रेटरी म्हणाले, आणि पुस्तिका आमच्या ओट्यावर ठेवली. "वहिनी, तुमचं कॉलेज कधी कामाला येणार? वाचा आणि याला समजेल असं सांगा."

मी वाचत गेले. नवरा लेकीला पायांवर झोके देत ऐकत होता. रेषेपासून कुंपणापर्यंत मोकळी जागा. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना वेगळं दार. प्रत्येक खुर्चीला पाठ.

"पाठ कशाला?" तो म्हणाला. "आपले लोक बसतात कुठे? गोल केला तरी उभे, गोल खाल्ला तरी उभे."

मी हसले आणि पान उलटलं. मग हसू गेलं. मी दोन पानं एकदम उलटली.

"काय गं?"

"काही नाही."

"तुझं काही नाही मला चांगलं ठाऊक आहे. वाच."

वाचलं. स्टेडियमच्या आवारात कोणाचंही वास्तव्य असता कामा नये.

लेक झोक्यासाठी पाय आपटत राहिली. त्याचे पाय थांबले होते. दुसऱ्या दिवशी तो सेक्रेटरींकडे जाऊन आला तेव्हा मात्र चेहरा सैल होता. "एका दिवसाचा प्रश्न आहे म्हणाले. तपासणीच्या दिवशी सामान रोलरच्या शेडमध्ये टाकायचं. साहेब गेले की परत मांडायचं. खोली रिकामी दिसली म्हणजे झालं."

आता ही खोली कशी होती ते सांगायला हवं. आमच्या लेकीची छाती भरते. रात्री तिच्या श्वासात बारीक शिट्टी वाजायला लागली की मी तिच्या पाठीला कान लावून बसते. डॉक्टर म्हणाले, भिंतीची ओल घालवा. मग ड्रेसिंग रूमच्या उरलेल्या पांढऱ्या फरश्या नवऱ्याने भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत लावल्या. खिडकी मोठी केली. जुना गीझर दुरुस्त करून बसवला. दार आधीपासूनच भलंमोठं, दोन फळ्यांचं, कारण पूर्वी तिथे रोलर ठेवत. मी जमीन रोज जंतुनाशकाने पुसायचे, कोपऱ्यांत गुडघ्यांवर बसून. आई फोनवर म्हणायची, "घर आहे का दवाखाना? जरा धूळ खाऊ दे पोरीला." पण शिट्टी थांबली होती. कित्येक महिने थांबली होती. मला दुसरं काही नको होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही पलंग, पाळणा, भांडी, सगळं शेडमध्ये नेलं आणि वर ताडपत्री टाकली. भिंतीवरचे खिळेसुद्धा त्याने काढले. मी शेवटची एकदा जमीन पुसली. सवयच ती. मग लेकीला घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसले, सराव बघायला आलेल्या कुणा बाईसारखी.

निरीक्षक सडपातळ, मऊ बोलणारे. मोजपट्टीची गुंडाळी घेऊन सगळीकडे फिरले. कुंपण ठीक, दिवे ठीक, खुर्च्या ठीक. मग वैद्यकीय खोली. ती आमच्या लोकांनी ड्रेसिंग रूमच्या मागे केली होती, ताजा रंग मारून.

"स्ट्रेचर आणा," निरीक्षक म्हणाले. "आणि कोणीतरी झोपा त्यावर."

सेक्रेटरी उत्साहाने स्वतःच आडवे झाले. पुढून नवरा, मागून गोलकीपर. तिकडे जाणाऱ्या उघड्या बोळाच्या वळणावर गाडं अडलं.

"जरा तिरपं करा!"

"तिरपं नको, मी घसरतोय!"

"साहेब, पोट आत घ्या," गोलकीपर सेक्रेटरींना म्हणाला.

"पोटाचा काय संबंध? दांडा अडकलाय, गाढवा!"

सगळे हसले. मीही पायऱ्यांवरून मान लांब करून हसले. निरीक्षक हसले नाहीत. "जखमी खेळाडू तिरपा करता येत नाही," ते म्हणाले. "याला मी मान्यता देऊ शकत नाही. एवढ्या एका गोष्टीवर मैदान जाईल तुमचं."

सेक्रेटरी स्ट्रेचरवरून उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. सगळे मैदानाच्या कडेने परत यायला लागले. आमच्या दारापाशी निरीक्षक थांबले.

"ही कसली खोली?"

"रिकामी आहे साहेब," सेक्रेटरी म्हणाले. घोकून ठेवलेलं उत्तर, प्रश्न संपायच्या आत आलं.

ते आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. मी खाली उतरून आले, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. ते फरश्यांवरून तळहात फिरवत होते, खिडकी उघडून बघत होते. गरम पाण्याखाली त्यांनी बोटं धरली. "अहो, एवढी स्वच्छ खोली रिकामी ठेवलीत आणि मला त्या बोळात नेलंत? मैदानाला लागून आहे. गरम पाणी आहे. भिंती धुता येतात. हीच तुमची वैद्यकीय खोली."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं नाही. बोलले असते तर काय बोलले असते? इथे माणसं राहतात म्हटलं की मैदान नापास, आणि मैदान नापास तर राखायला माणूस कशाला. मी मनात दोन्ही बाजूंनी फिरून आले. कुठूनच बाहेर पडता येत नव्हतं.

कडेवरून लेकीने दाराकडे हात पसरले. "घली," ती म्हणाली. "घली."

"काय म्हणतेय?" निरीक्षकांनी हसून विचारलं.

"घरी जायचं म्हणतेय," मी म्हणाले.

"मग न्या ना तिला. ऊन फार झालंय."

नवरा स्ट्रेचरचा दांडा धरून उभा होता. माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. पण तो गोलकीपरला म्हणाला, "उचल." आणि स्ट्रेचर घेऊन आत शिरला. कुठे वळवावं लागलं नाही, की तिरपं करावं लागलं नाही.

मैदान पास झालं. खेळाडूंनी फक्कीभाऊला खांद्यावर घेतलं. आमचं सामान ताडपत्रीखालून थेट टेम्पोत गेलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, धोब्याच्या दुकानावर एक खोली मिळाली. खालून दिवसभर वाफ वर येते. उशीच्या मागची भिंत पहिल्याच आठवड्यात फुगली, आणि लेकीच्या छातीत शिट्टी परत आली.

पहिलाच सामना आमचा क्लब आपल्याच मैदानावर पाच गोलांनी हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. मी लेकीला घेऊन सेक्रेटरींकडे गेले.

"आता तर सामने नाहीत," मी म्हणाले.

"वहिनी, मान्यता त्या खोलीवर मिळालीय. न सांगता येऊन बघतात ते लोक."

"ती आजारी आहे हो."

"मला कळत नाही का?" ते खरंच कळवळून म्हणाले. "पण पुढच्या वर्षी पुन्हा पात्र ठरलो तर?" बोलताना त्यांनी नजर मैदानावरच ठेवली. ठरणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

निघताना स्टँडखालचं दार उघडं दिसलं. ती खोली साफ ठेवणं आता नवऱ्याच्या कामात धरलं आहे. तो गुडघ्यांवर बसून कोपरा पुसत होता, माझ्यासारखाच. लेक हात सोडून धावत आत गेली आणि जखमींसाठी मांडलेल्या खाटेवर चढून आडवी झाली. त्याने तिला थोडा वेळ झोपू दिलं. मग उचलून माझ्याकडे दिलं, चादरीवरची सुरकुती तळहाताने काढली, गीझर चालतोय का बघितलं, आणि कुलूप लावलं.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मला रेषा आखायच्यात."

"सामना कुठे आहे?"

तो फक्कीची बादली उचलून चालू लागला. मी तिथेच, बंद दारापाशी, लेकीच्या पाठीला कान लावला.