घरची पुडी

बाबांनी चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं.

“ब्राह्मीच आहे. पण उन्हात वाळवलीय. सावलीत वाळवायला काय धाड भरली होती?”

लेकीला हसू आलं. जडीबुटीचं दुकान विकून वर्षं लोटली, तरी म्हाताऱ्याचा खडूसपणा शाबूत होता. बाकीचं मात्र हळूहळू निसटत चाललं होतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बुजत चालल्यात, असं डॉक्टर म्हणाले होते. तिने भीत भीत ब्राह्मीचं विचारलं, तेव्हा म्हणाले, “अभ्यास चालू आहेत, खात्री नाही. द्यायची तर द्या, पण रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका.” तेवढ्यावर तिने आशा धरली होती. बाबांनी आपल्याला विसरू नये, बस्स.

“कुणासाठी हवंय, बाई?” बाबांनी विचारलं.

सकाळी तर त्यांनी तिला ‘चिमणे’ म्हणून हाक मारली होती.

“वडिलांसाठी,” ती कशीबशी म्हणाली. “विसरतात हल्ली.”

“तुम्हाला ओळखतात?”

“कधी कधी.”

बाबांनी मान हलवली. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा फाडून त्यावर चूर्ण ओतलं आणि पुडी बांधायला घेतली.

किती पुड्या बांधताना पाहिलं होतं तिने! लहानपणी तिचा खोकला हटता हटत नसे. शाळेतून ती थेट दुकानात जाई, सुंठीच्या पोत्यावर चढून बसे. बाबांच्या खिशात गिऱ्हाइकांना पोचवायच्या पुड्यांत तिचीही पुडी असायची. सरमिसळ नको म्हणून गिऱ्हाइकाच्या पुडीचा कोपरा ते बाहेर ठेवत आणि तिच्या पुडीचा आत खोचत. डोळे मिटून खिशात हात घातला, तरी तिला आपली पुडी बरोबर सापडायची. दुकानातल्या सगळ्या वासांसकट ते दिवस तिला आत्ता हवेसे वाटले.

“खोटं नाही सांगत, बाई,” बाबा म्हणाले. “गेलेलं परत आणील असं औषध माझ्या दुकानात कधीच नव्हतं. पण द्या. पुढ्यात ठेवून निघून जाऊ नका, जवळ बसून द्या.”

“हो.”

“जपून जा.”

तिने पुडी मुठीत घेतली आणि सवयीने अंगठा कडेवरून फिरवला. कोपरा लागेना. पुन्हा फिरवला.

कोपरा आत खोचलेला होता.