मांजरवाल्यांचे ससे

माल्टाशेजारच्या गोझो बेटावरच्या त्या गावात आडनावाला कुणी विचारत नाही. घराण्याला चिकटलेलं नाव तेवढं खरं. झेप्पूच्या घराण्याला चिकटलं होतं 'मांजरवाले'. त्याच्या आजोबांनी आपल्या खानावळीत सशाच्या नावावर मांजर वाढलं, असा बोभाटा झाला होता म्हणे. सोललेला ससा आणि सोललेलं मांजर डोक्याशिवाय ओळखू येत नाही, म्हणून तिथला खाटीक आजही ससा डोक्यासकट टांगतो. झेप्पूने आजोबांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटामागे कोंबला होता, पण नाव काही कपाटामागे जाईना.

साठीला टेकल्यावर त्याने ठरवलं, आता हा डाग धुवायचाच. जूनअखेरीस इम्नार्याचा सण. त्या दिवशी सगळं बेट ससा खातं. घरचे ससे वाढवायचे, गल्लीतल्या चाळीस माणसांना जेवू घालायचं आणि गावाची तोंडं बंद करायची. जानेवारीतच त्याने आमंत्रणं देऊन टाकली. बाजारात तुरी म्हणतात त्या याच.

मग तो जोडी आणायला फिलुमेनाकडे गेला. या विधवा बाईची हयात सशांत गेली होती. तिने एक करडी, ठेंगणी मादी काढून मेजावर ठेवली.

"ही ने. पाठीवर हात फिरव, कशी भरलीय बघ. दात सरळ, पुढचे पंजे कोरडे. सर्दी झालेला ससा पंजाने नाक पुसतो, पंजे चिकट दिसले तर घ्यायचा नाही. आठ-आठ पिल्लं वाढवलीत हिने."

"ही? ही तर मोलकरीण दिसते!" झेप्पूची नजर कोपऱ्यातल्या दोन पांढऱ्याशुभ्र, लांब कानांच्या सशांवर खिळली होती. "ती जोडी द्या."

"ती नुसती हाडं आहेत, बाबा. खातात ढीगभर, अंगाला काही लागत नाही. आणि जोडी कुणी सांगितलं? आधी उलटं करून बघ."

झेप्पू कानापर्यंत लाल झाला. चर्चच्या मिरवणुकीत संताची मूर्ती खांद्यावर घेणारा माणूस तो, बाईमाणसासमोर सशाच्या ढुंगणात डोकं घालणार?

"काही गरज नाही. चेहऱ्यावरनं कळतं मला. ही नाजूक नाकाची नवरी."

"बरं," फिलुमेना म्हणाली आणि पैसे घेतले. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो. झेप्पूला तो लागलाच नाही.

मार्चमध्ये पिंजऱ्यात केसांचा सडा पडला. झेप्पू धावतच दारूच्या गुत्त्यावर पोचला. "नवरी पोटाचे केस उपटून घरटं करतेय! आठ दिवसांत पिल्लं!"

"आणि नवरदेवाचा कान का फाटलाय?" त्याचा शेजारी नेनू म्हणाला. नेनूच्या नजरेतून काही सुटत नसे.

"संसार आहे. होतंच."

एप्रिल उजाडला तरी पिल्लू नाही. शेवटी झेप्पूची बायको चेट्टा फिलुमेनाला घेऊन आली. म्हातारीने दोघांना पाठोपाठ उलटं केलं.

"दोघेही दादले," ती म्हणाली. "घरटं कसलं? मारामारी चाललीय."

"फिलुमेनाबाईंकडनंच तयार ससे घे," चेट्टा म्हणाली. "हातापाया पड, पण घे."

पण झेप्पूचा ताठा! सणाच्या आदल्या दिवशी तो गुपचूप बोटीने माल्टाला गेला आणि परक्या दुकानातून बारा ससे घेऊन आला: बर्फातले, साफ केलेले, पिशवीतले.

सणाला अंगणात चाळीस माणसं बसली. लसूण आणि तांबड्या वाइनमध्ये शिजलेल्या रश्शाचा वास गल्लीभर सुटला होता. झेप्पूची छाती फुगली. जन्मात पहिल्यांदाच त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत होतं. इतक्यात नेनूने पातेल्यात पळी फिरवली, एकदा, दोनदा.

"झेप्पू, डोकी कुठंयत रे?"

झेप्पूने पातेल्यात वाकून पाहिलं. बर्फातल्या सशांना डोकी नव्हती, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. काहीतरी दाखवायला हवं म्हणून तो मागे पळाला आणि दोन्ही पांढरे ससे काखोटीला मारून आला.

"हे बघा! घरचे ससे! आहेत की नाहीत?"

नेनू शांतपणे बोटांवर मोजू लागला. "जानेवारीत किती घेतलेस? दोन. हे किती? दोन. पिल्लं झाली नाहीत, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मग पातेल्यात कोण आहे, बाबा?"

जे हसू फुटलं ते थेट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेलं. नवल म्हणजे कुणी उठलं नाही. सगळ्यांनी पावाने ताटं पुसून खाल्लं आणि मगच 'म्याऊ' करत घरी गेले.

फिलुमेना जाता जाता एवढंच म्हणाली, "उलटं करून बघायची लाज पाच पळांची होती रे."

झेप्पू रिकाम्या पातेल्याजवळ बसून राहिला. आजोबांनी मांजर शिजवलं होतं असं तो साठ वर्षं मानत आला होता. त्यांनाही फक्त डोकं दाखवता आलं नसेल, हे त्याला आज सुचलं आणि त्याला रडू कोसळलं.

त्याने कपाटामागून फोटो काढला, धूळ पुसली, खिळा ठोकला आणि आजोबांना जागेवर लावलं.

चेट्टा हात पुसत दारात उभी होती.

"हातोडी ठेवू नकोस इतक्यात," ती म्हणाली. "शेजारी अजून एक खिळा ठोक. तुझाही फोटो लागेल."