जयंतीसाठी एक दिवस

हनुवटीवर पेजेचा एक थेंब अडकला होता—धड पडत नव्हता, धड वाळत नव्हता—आणि मिनल चमचा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली, कारण थेंब पुसला की आईचा चेहरा दिसणार होता, आणि चेहरा दिसला की मघाशी मनात आलेलं पुन्हा येणार होतं... ही गेली असती तर सोपं झालं असतं.

नाही. असं नव्हतं म्हणायचं मला.

काल गुणवंतलाही तसं म्हणायचं नव्हतं. महापालिकेत जनसंपर्काचं बघतो, गोड माणूस. "मॅडम, आईंच्या नावानं सुट्टी मागताय, पण ती जयंतीला देतात, नाहीतर पुण्यतिथीला. जन्मतारीख तुम्हालाच ठाऊक नाही, आणि पुण्यतिथी..." इथे तो जीभ चावून थांबला. "देवदयेनं आई आहेत." मग हळूच, "तारीख उद्या दुपारपर्यंत द्या. दाजीसाहेबांकडे दुसरंही एक नाव आलंय."

दुसरं नाव. म्हणजे शाळेत शिकवून झाल्यावर इतकी वर्षं मिनल महापालिकेच्या पायऱ्या चढली, ते सगळं पाण्यात. खाडीपलीकडच्या वीटभट्टीवरून, पहाटेच्या ओहोटीत, गुडघाभर चिखलातून, वेठीला बांधलेली माणसं पोरांसकट बाहेर काढणारी चंपा, परत माघारी जाऊन आणखी काढणारी चंपा, काशीगावातल्या या दोन खोल्यांत पेज गिळत गिळत विझून जाणार, आणि खाली पार्किंगमध्ये कुणी विचारणारही नाही की कोण होती. एक दिवस. वर्षातला एक दिवस तरी हिचा असावा, एवढंच तर...

"आय, तू जन्मलीस कधी?"

"पावसात."

"कुठल्या पावसात?"

"पडत व्हता." लकव्यानं वाकडं झालेलं आईचं तोंड अर्ध्या बाजूनंच हललं.

आधारकार्डावर एक जानेवारी आहे. पाड्यावरचे सगळेच एक जानेवारीचे.

"एक जानेवारी नको हो ताई," दुपारी दाजीसाहेब आपल्या केबिनमध्ये म्हणाले. नगरसेवक, अंगानं ऐसपैस, हसरे. "लोकांची आदल्या रात्रीची उतरलेली नसते. हार कोण घालणार?"

"एक जून?" गुणवंत म्हणाला.

"शाळा बंदच असतात. सुट्टीवर सुट्टी पडली तर लोक शिव्या घालतील, आणि त्याही यांच्या आईला." सगळे हसले. मिनलही हसली. का हसले मी? "आणि जयंती-बियंतीचं टेन्शन घेऊ नका. आता वाढदिवस म्हणायचं, पुढे आपोआप जयंती होते. घरात एखादा दिवस तरी कुणाला आठवत असेल की!"

आठवत होता. एकच. अखाती.

त्या दिवशी आईचं लग्न लागलं. मिनलच्या बापाकडे, लवूकडे, लग्नापुरतंही काही नव्हतं. भट्टीच्या मालकानं खर्च उचलला आणि लवू त्याचा लग्नगडी झाला—लग्न मालकानं लावून द्यायचं, बदल्यात नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, फिटेपर्यंत, आणि फिटलं की नाही हे सांगणार मालकच. मुहूर्तही त्यानंच धरलेला. दुसऱ्या सकाळी हळदीच्या अंगानं आई डोक्यावर विटा वाहत होती. जन्माचा दिवस कुणी लक्षात ठेवला नाही, पळाली तो दिवस भीतीत हरवला... बांधली गेली तेवढा दिवस मात्र पक्का, साऱ्या पाड्याला पाठ.

"अक्षय तृतीया," मिनल म्हणाली.

"बघा!" दाजीसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "साडेतीन मुहूर्तांतला! अशी बाई जन्माला यायची तर अशाच दिवशी. गुणवंत, टाका."

जन्म नव्हे—एवढे दोनच शब्द. जिभेवर होते. तेवढ्यात चहा आला, फार गोड. तिनं तो सगळा प्यायला, आणि गुणवंत टाइप करत होता तोवर तिनं हरकत घेतली नाही, आणि टाइप झाल्यावर हरकत घेण्यात अर्थ नव्हता, असं तिनं रिक्षात स्वतःला पुनःपुन्हा सांगितलं. दिवस कुठला का असेना, नाव तर हिचं. नाव मोठं की दिवस? रिक्षावाला "मॅडम, कहाँ छोडूँ?" विचारत होता. घर मागे पडलं होतं.

संध्याकाळी ती पलंगाच्या कडेला बसली.

"आय, तुझ्या नावाची सुट्टी होणार."

"कुनाला?"

"सगळ्यांना. शाळांना, ऑफिसांना."

"भट्टीला?"

मिनलनं चादर सारखी केली. चादर सारखीच होती.

"कंचा दिस?"

"अखाती."

आईनं मान उशीत टेकवली. डावा डोळा मिटेना, म्हणून ती झोपली की नाही ते कळेना. मग कोरड्या ओठांतून, राग नाही, रडणं नाही, बाजारभाव विचारावा तसं आलं—

"मालकानं धरला?"

"न्हाय," मिनल म्हणाली. शाळेत नोकरी लागल्यापासून टाकून दिलेला हा शब्द आपल्या तोंडून कसा आला हे तिला कळलं नाही. न्हाय, आय. मी धरला. पण एवढं मोठ्यानं बोलवेना.

प्रस्ताव अडकावा, वर कुणीतरी तो चहाच्या कपाखाली दाबून विसरून जावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. गुणवंतला फोन करावा, आत्ता... आणि हे वाटत असतानाच, हार घालायला लोक येतील तेव्हा आईला कुठल्या खुर्चीत बसवायचं, वाकडं झालेलं तोंड फोटोत येऊ नये म्हणून खुर्ची कुठल्या बाजूला वळवायची, हेही तिच्या मनात अगदी नीट ठरत चाललं होतं.