पायावरून पारख

बाजारातल्या चौकीचे हवालदार दारुड्यांच्या बाबतीत स्वतःला तज्ज्ञ समजत. कुणी झिंगताना दिसला की कायदा काय म्हणतो या भानगडीत ते पडत नसत. सरळ त्याच्या पायांकडे बघत. पॉलिश केलेले बूट असले, की "साहेबांची तब्येत बरी नाही" म्हणून टॅक्सी बोलावली जाई, वर सलामही ठोकला जाई. चपला असल्या, की मानगूट धरून कोठडी. याला ते तारतम्य म्हणत, आणि नव्या महिला शिपायाला हे शिकवताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्या दुपारी ते मागच्या खोलीत चहा पीत होते. दारातून शिपाई म्हणाली, "साहेब, एक म्हातारा सापडलाय. झोकांड्या खातोय, बोलणंही धड कळत नाही."

"पायात काय?"

"चपला. त्याही झिजलेल्या."

"मग विचारतेस काय? आत टाक." मान वळवायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत.

चहा संपवून मिशा पुसत ते कोठडीपाशी आले आणि जागच्या जागी थिजले. गजांपलीकडे घामाने निथळत त्यांचा थोरला भाऊ बसला होता. जन्मात दारूला न शिवलेला, मधुमेहाने खंगलेला, आणि धाकट्याला पोलिसात चिकटवण्यासाठी दारोदार हात जोडत फिरलेला दादा.

"कुलूप काढ. यांची तब्येत बरी नाही," हवालदार कसेबसे म्हणाले.

शिपाई गालातल्या गालात हसली. "पण साहेब, पायात चपला आहेत."

"अगं, माझा दादा आहे तो. साखर उतरलीय त्याची."

"असं होय. घरचं माणूस." तिने समजूतदारपणे मान डोलावली आणि सावकाश किल्ली शोधू लागली.

हवालदार स्वतःच समोरच्या टपरीवर धावले. "साखर दे, लवकर. आतल्या माणसाला चक्कर आलीय."

चहावाल्याने डोळा मारला. "साखरेनं काय होणार, साहेब? लिंबू न्या, झटकन उतरेल."

त्यांनी साखरेचा डबाच हिसकावला. भर बाजारात ते खरं सांगत होते आणि एकालाही ते पटत नव्हतं.

साखरपाणी पोटात गेल्यावर बऱ्याच वेळाने दादाच्या नजरेत ओळख आली. "धाकट्या," तो पुटपुटला, "माझ्या तोंडाचा वास तरी घ्यायचा रे कुणीतरी."

हवालदारांना मान वर करवेना. कोठडीच्या कोपऱ्यात सकाळी आणलेला एक चपलावाला अजून पडूनच होता. ते उठले, गुडघे टेकून त्याच्या तोंडाशी वाकले.

दारूचा वास नव्हता.