मस्कतचं विमान रद्द

सुयोग शुक्रवारी गेला. मस्कतला, साइटवर, काम करता करता. हृदयविकाराचा झटका आला आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं.

घाटकोपरच्या भटवाडीत त्याच्या थोरल्या भावाला, चंद्रप्रकाशला, कंपनीतून फोन आला तेव्हा आई आत चटणी वाटत होती. जानकीबाईंचं हृदय आधीच अधू. चंद्रप्रकाश आणि त्याची बायको शेवंती, दोघांनी ठरवलं, मृतदेह घरी येईपर्यंत बोलायचं नाही. आईला सांगितलं, सुयोग रजेवर येतोय, मंगळवारच्या विमानानं.

जानकीबाई हरखल्या. त्यांनी वड्यांचं पीठ दळून आणलं, मजल्यावर दारोदार सांगून आल्या. ज्यांना खरं ठाऊक होतं, तेही "वा, छान" म्हणाले आणि घाईनं दारं लोटून घेतली. शेवंती मोरीत नळ सोडून रडायची.

मंगळवारी सकाळी मस्कतहून पुन्हा फोन आला. इथिओपियात हजारो वर्षं निजलेला ज्वालामुखी फुटला होता. त्याची राख समुद्र ओलांडून ओमानवर आणि पुढे आपल्याकडे सरकत होती. विमान रद्द. शवपेटी उद्या येईल की परवा, कुणाला सांगता येत नव्हतं.

बाहेरच्या खोलीत टीव्हीवरही तेच चाललं होतं. राख इंजिनात गेली की वितळते, मग इंजिन बंद पडतं, असं कुणी तज्ज्ञ समजावत होता. जानकीबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

"आमच्या सुयोगाचा इमान सुटला काय रे?"

"नाही आई. रद्द केलं."

"बरा केल्यांनी!" त्यांनी सुस्कारा सोडला. "उशीर झालो तरी चलात. जीव र्‍हवाक होयो. तेका फोन लाव बघू."

"लागत नाहीये."

त्या उठल्या. देवापुढे नारळ ठेवला, पदर खोचला. "ये हय. शेवंती, तू पण ये. गाऱ्हाणा घालतंय." गाऱ्हाणं एकानं घालायचं आणि बाकीच्यांनी त्याला होकार द्यायचा, ही त्यांच्या गावची रीत. बाबा गेल्यापासून घरात गाऱ्हाणं त्याच घालायच्या.

"बा देवा म्हाराजा, माझो झील परमुलखात अडाकलो हा."

"होय म्हाराजा," चंद्रप्रकाश म्हणाला.

"ती राख खय ती दर्यात घाल."

"होय म्हाराजा."

"आणि माझ्या झिलाक हसत खेळत ह्या दारात आण रे म्हाराजा."

चंद्रप्रकाशचं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. शेवंती भिंतीला टेकून खाली बसली. जानकीबाईंनी वळून पाहिलं. एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे.

"होय म्हण ना रे."

"आई, तो नाही येणार तसा." त्यानं त्यांचे हात धरले. "सुयोग गेला, आई. शुक्रवारीच."

त्या कोसळल्या नाहीत. हात मात्र सोडवून घेतले.

"शुक्रवारी," त्या म्हणाल्या. "नि मी वड्यांचा पीठ दळून हाडलंय. माझो झील मरान पडलेलो, नि मी लोकांच्या दारात जावन हसत होतंय."

"तुला काही होईल म्हणून, आई..."

"माका काय होतला? माझो झील होतो तो. रडाचो हक्क माझो होतो." मग आवाज एकदम बसला. "आता खय असा तो?"

"तिकडेच. शवागारात."

"एकटोच?"



त्या दिवशी जानकीबाई मुला-सुनेशी बोलल्या नाहीत. शेजारच्या मीराकाकू येऊन बसल्या, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून जानकीबाई रडल्या. दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं आणि संध्याकाळच्या विमानानं सुयोग निघाला. चंद्रप्रकाश सहारला निघाला तशा जानकीबाई चपला घालून दारात उभ्या.

"तू नको, आई. तिथं खूप वेळ लागतो."

"चल," एवढंच त्या म्हणाल्या.

विमानतळाच्या मालवाहू विभागात फळांची खोकी आणि यंत्रांचे भाग उतरत होते. त्यांच्यामधूनच ढकलगाडीवर पेटी आली. फळ्यांवर सुयोगचं नाव इंग्रजीत लिहिलेलं होतं. जानकीबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"हाच काय रे?"

"हाच."

त्यांनी पेटीवर दोन्ही हात ठेवले आणि त्या लहान मुलाशी बोलावं तसं हलक्या आवाजात बोलू लागल्या. चंद्रप्रकाशला ते ऐकू आलं नाही. तो दोन पावलं मागे, कागदांवर सह्या करत उभा होता. आईनं त्याला जवळ बोलावलं नाही, आणि आपणहून पुढे जायचं त्याला धाडस झालं नाही.