संत्र्याचा वास

माझा नवरा चोरून संत्री खातो, असा संशय मला एका शनिवारी सकाळी आला. आणि संशय आल्यावर गप्प बसणाऱ्यांतली मी नाही.

नीरज केटो डाएटवर होता, त्याचे एकवीस दिवस झाले होते. भाकर बंद, भात बंद, वरण बंद. अंडी, पनीर, लोणी आणि आमच्या वाडीतला पालक-कोबी, एवढंच जेवण. फळाला तर सक्त मनाई. मोबाईलवरच्या एका ग्रुपात कोणी कोच होता, त्याचा शब्द म्हणजे ह्याच्यासाठी ब्रह्मवाक्य. माझ्या भाकरीला ह्या घरात आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. तरी मी राग गिळून त्याचं वेगळं रांधत होते, कारण एकशे चार किलोंचे सत्त्याण्णव झाले होते आणि मुख्य म्हणजे तो झोपत होता. नऊ वर्षांची शुगर, रोजची इन्सुलिनची सुई, झोपेचं खोबरं. "मले काई नको गुंजन, एक शांत झोप पायजे," असं तो म्हणायचा. ती त्याला मिळत होती, त्याच्यामुळे मलाही. दहा दिवसांपूर्वी त्याने सुई बंद केली. साखरच खात नाही तर सुई कशाला, असं कोचने सांगितलं होतं. गोळ्या तेवढ्या चालू होत्या. घरातल्या मशीनवर आकडा चांगला येत होता, म्हणून मीही काही बोलले नाही.

त्या शनिवारी तो चपला घालायला वाकला आणि त्याच्या तोंडाचा वास आला. पिकून मऊ पडलेल्या संत्र्याचा. आमच्या वाडीच्या बांधापलीकडे ओमप्रकाशभाऊंचा संत्र्यांचा बगीचा आहे, आणि डिसेंबरात तळेगावात झाडं फळांनी वाकलेली असतात. मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"खरं सांगा, संत्रं कुठं खाल्लं?"

"कोण खाल्लं? मी नाई खाल्लं."

"तोंडाचा वास येऊन राह्यला तुमच्या!"

"तुले काऊन सारखा संशय येते वं? नाई खाल्लं म्हटलं ना!"

तो बाजेवर जाऊन पडला. मी त्याच्या शर्टांचे खिसे उलटे केले, गादीखाली पाहिलं, न्हाणीमागचा कचरा काडीने उकरला. साल सापडलं नाही, बी सापडली नाही. ह्याचा अर्थ मी असा काढला की चोर मोठा हुशार आहे. मी तीन आठवडे वेगळ्या कढईत रांधायचं आणि ह्याने बांधावर बसून संत्री सोलायची! मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

संध्याकाळपासून त्याला उलट्या सुरू झाल्या. रविवारी तो बाजेवरून उठलाच नाही. मी मनात म्हटलं, खा अजून संत्री. पाणीसुद्धा सासूबाईंनीच नेऊन दिलं, मी नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

सोमवारी सकाळी मात्र माझा राग उतरायला लागला, कारण त्याचा श्वास मला बरोबर वाटेना. पडल्या जागी तो धावून आल्यासारखा खोल, भराभर श्वास घेत होता. मी मशीन काढून बोटाला सुई टोचली. एकशे चौऱ्याहत्तर. त्याच्यासाठी हा आकडा चांगलाच होता. मग चरबी जळते का ते पाहायला कोचने आणायला लावलेली, लघवीत बुडवायची पट्टी पाहिली, ती गर्द जांभळी झाली होती. तिचा फोटो मी त्याच्याच मोबाईलवरून ग्रुपात टाकला आणि उलट्यांचंही लिहिलं. कोचचं उत्तर लगेच आलं: 'अभिनंदन! चरबी जळते आहे. उलट्या होतातच, लिंबू-मीठ-पाणी द्या. आता सोडू नका.' खाली बारा जणांचे टाळ्या वाजवणारे हात. मी लिंबू कापायला घेतलं.

तेवढ्यात सासूबाई, धुरपताबाई, बाजारात भाजी देऊन परत आल्या. त्या मुलाजवळ बसल्या, वाकून त्याचं तोंड हुंगलं.

"संत्र्याचाच वास आहे ना? मी तुम्हाले शनिवारीच म्हटलं होतं," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "गुंजन, परवापासून याच्या पोटात घोटभर पाणी ठयरून नाई राह्यलं. मंग संत्रं कसं ठयरलं व माय?"

मी लिंबू आणि सुरी बाजूला ठेवली. दोन दिवस मी त्या माणसाला चोर म्हणत होते, आणि खरोखरच त्याने काही खाल्लं नव्हतं. मग हा वास त्याच्या आतून येत होता.

ओमप्रकाशभाऊंची पिकअप संत्री भरून निघतच होती. त्यांनी खोकी खाली उतरवली, मागे गादी टाकली आणि आम्ही वर्ध्याकडे निघालो. आर्वीपर्यंत नीरज माझ्या हाकेला हूं म्हणत होता. आर्वीच्या पुढे तेही बंद झालं. "नीरज! अवो, उठा ना!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला नावाने हाक मारली. तो फक्त श्वास घेत होता, आणि मी ते श्वास मोजत होते. वर्धा येईपर्यंत मी किती देवांना काय काय कबूल केलं ते त्यांनाच ठाऊक.

वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. शुगर पाहिली. "एकशे ऐंशी. शुगर तर फार नाही," त्या म्हणाल्या आणि उलट्या कधीपासून, बाहेरचं काय खाल्लं, विचारू लागल्या. मी केटोचं सांगितलं, सुई बंद केल्याचं सांगितलं. संत्र्याचं सांगायला मात्र जीभ रेटेना. अडाणी बाई म्हणून हसतील असं वाटलं. पण त्याचा श्वास आता घशात वाजत होता.

"मॅडम," मी म्हणाले, "त्यांच्या तोंडाले संत्र्याचा वास येते. त्यांनी संत्रं खाल्लं नाई, तरी येते."

त्या हसल्या नाहीत. लिहायचं थांबवून वाकल्या, हुंगलं, आणि ताठ होत नर्सला हाका मारू लागल्या. मिनिटाभरात त्याच्या दोन्ही हातांत सुया होत्या. नंतर त्यांनी मला समजेल असं सांगितलं: भाकर बंद, इन्सुलिन बंद आणि वरून लघवीवाटे साखर काढणारी गोळी, ह्या तिन्हींनी मिळून रक्त आंबट केलं होतं, आणि त्याचाच वास तोंडाला येत होता. अशा वेळी आकडा चांगला दिसतो आणि माणूस हातचा जातो.

नीरज हातचा गेला नाही. सहाव्या दिवशी आम्ही घरी आलो. आता रोज सुई, मापातली भाकर, वरण, वाडीतली भाजी, सकाळी नाल्यापर्यंत चालणं आणि फळ अर्धंच. वजन हळूहळू उतरतं आहे, तो गाढ झोपतो आहे. मी मात्र झोपत नव्हते. त्याचा श्वास ऐकत पडायची आणि उजाडलं की पहिलं काम, "तोंड उघडा." तो वैतागायचा, पण उघडायचा.

परवा, मार्चातल्या दुपारी, तो बगीच्याकडून आला, शर्ट खुंटीला टांगून बाजेवर लवंडला. उशी द्यायला वाकले आणि तिथेच थबकले. संत्र्याचा वास.

"अवो!" मी त्याला गदागदा हलवलं.

"झोपू दे ना वं," म्हणून त्याने कूस बदलली. श्वास संथ चालला होता. तरी मला धीर निघेना. मी खुंटीवरचा शर्ट ओढून खिसा उलटा केला.

सालं निघाली. एकाची नाही, अख्ख्या दोन संत्र्यांची, आणि नऊ बिया.

अर्ध्या फळाची परवानगी, आणि हा दोन खाऊन आला होता! मी तिथेच खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, हसलेही. मग सालं होती तशी खिशात ठेवली, शर्ट खुंटीला लावला आणि त्याच्या बाजेशेजारी सतरंजी टाकून आडवी झाले. संध्याकाळी चहासाठी सासूबाईंनी मला चार हाका मारल्या म्हणे. मला एकही ऐकू आली नाही.