नतमस्तक पारवे

रविवारची उपासना आटोपली, तरी शिसे गाळणाऱ्या त्या बल्गेरियन गावचे लोक चर्चच्या अंगणातून हलेनात. देवमातेच्या चित्रासमोर टोपलीत पारव्यांची पाच पिल्ले माना टाकून बसली होती.

"पाखराला कळतं, माणसाला कळत नाही!" बाबा पाखोमी गरजला. "या अंगणातल्या कबरींवरची काळी माती यांच्या पोटात आहे, म्हणून ही नम्र. चिमूटभर पाण्यात घाला. द्वाड पोर आठवड्यात गाय होतं."

नेवेनाने माती घ्यायला रिकामी बाटली पुढे केली. तिच्या चार वर्षांच्या मुलीला, यानाला, बालवाडीने दुसऱ्यांदा घरी धाडले होते. आत्ता ती मेणबत्त्यांच्या घडवंचीवर चढून किंचाळत होती.

"थांब गं जरा," म्हणत पशुवैद्य त्सोंकाबाईंनी एक पिल्लू उचलले आणि शौचालयाच्या भिंतीकडे तोंड करून ठेवले. त्याने तिलाही तितक्याच भक्तिभावाने नमन केले.

"बाबा, तिथं कोणते संत राहतात?" घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने विचारले.

"देव सर्वत्र आहे!"

"मग टोपली चित्रापुढेच कशाला मांडलीत?"

त्सोंकाबाईंनी पिशवीतून कागद काढला. "मेलेल्या पिल्लाच्या पोटातले खडे तपासून आणलेत. ही माती नव्हे, कारखान्याच्या भट्टीचा चुरा. चिखल होऊ नये म्हणून आपल्याच आजोबांनी कबरींभोवती पसरला. पितरांच्या शनिवारी आपण शिजवलेले गहू त्यावरच वाहतो. पारव्याला दात नाहीत, दाणे दळायला तो खडे गिळतो. गव्हाबरोबर चुरा उचलतो, पिल्लांना भरवतो. चुऱ्यात शिसं आहे. ते कोवळ्या हाडांत साठतं, नसा लुळ्या पाडतं. मग मान उचलत नाही."

"पण काकू," नेवेना हळूच म्हणाली, "ही माती पिऊन शेजारची पोरं खरंच गप्प झाली."

"झाली ना? त्याचीच मला भीती वाटते. त्यांना आजच रक्ततपासणीला न्या."

पाखोमी टोपली काखोटीला मारू लागला. म्हाताऱ्याने ती शांतपणे काढून घेतली. नेवेनाने रिकामी बाटली पिशवीत टाकली. घडवंचीवरून याना पुन्हा किंचाळली.

"ओरड, बाळे," नेवेना म्हणाली. "खुशाल ओरड."

पुढच्या पितरांच्या शनिवारी गहू पूर्वीच्याच भक्तीने आले; फक्त ताटलीत आले आणि प्रार्थनेनंतर ताटलीसकट घरी गेले. पितर रागावल्याचे कोणाच्या कानी आले नाही. वाचकहो, मान खाली गेलेली दिसली, तर हात जोडण्यापूर्वी ती का गेली, एवढे विचारावे.